धागा तुटला की माग थांबतो

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



जपानच्या कारखानदारीवर बोलायला मला बोलावलंय, हे कळल्यावर घरी सगळे हसले. हसणारच. मी कवी माणूस, मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला. जपान मी पाहिलेला नाही आणि मोटार मला चालवता येत नाही. पण माझा जन्म इचलकरंजीचा. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. आमच्याकडे पाहुणे आले की मागांच्या खडखडाटानं त्यांना रात्रभर झोप लागायची नाही. आमचं उलटं होतं. वीज गेली, माग बंद पडले, की त्या शांततेनं आम्हाला जाग यायची. आणि जपानच्या ज्या कंपनीकडे जगभरचे कारखानदार शिकायला गेले, त्या टोयोटाची गोष्ट मोटारीपासून सुरू होत नाही. ती मागापासून सुरू होते. म्हणून मी इथे बसण्याचं धाडस केलं.

आधी माझी एक जुनी गोष्ट सांगतो. नववीची परीक्षा देऊन मी सुटीत होतो. रात्रपाळीला अब्बांचा डबा घेऊन शेडमध्ये गेलो. अब्बा चार माग बघायचे. ते जेवायला बसले आणि मला म्हणाले, "नजर ठेव रे जरा." मागात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात. त्यांच्यामधून धोटा आडवा धागा घेऊन पळतो, तो बाणा. आमच्याकडच्या साध्या मागाची खोड अशी, की ताण्यातला एखादा धागा तुटला तरी माग थांबत नाही. तो तसाच विणत राहतो आणि कापडात उभी रेघ पडत जाते. त्या रात्री तशी रेघ मला दिसली. माग थांबवायचा दांडा हाताशी होता. पण मी तो ओढला नाही. मजुरी मीटरवर होती. माग थांबला म्हणजे पैसे थांबले, एवढं मला त्या वयातही कळत होतं. शिवाय तुटलेला धागा शोधून गाठ मारायला मला येत नव्हतं. अब्बा जेवून, हात धुऊन येईपर्यंत दोन-अडीच मीटर कापड वाया गेलं होतं.

घडीच्या वेळी ते सापडलंच. आठवड्याच्या पगारातून साडेअकरा रुपये कापले गेले. मालकानं विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले, "माझाच डोळा लागला, शेठ." घरी आल्यावर ते मला काही बोलले नाहीत. मीही कित्येक वर्षं काही बोललो नाही. पुढे वाचनालयात जपानविषयीची पुस्तकं चाळताना एका जपानी सुताराच्या मुलाची गोष्ट वाचली आणि ती रात्र जशीच्या तशी समोर आली.

त्या मुलाचं नाव साकिची टोयोडा. जन्म १८६७ चा. आजच्या शिझुओका प्रांतातलं एक खेडं, वडील सुतारकाम करणारे, आई घरी हातमागावर विणणारी. १८९० मध्ये टोकियोला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं. साकिची तिथे रोज जाऊन यंत्रं न्याहाळत बसे. दुसऱ्याच वर्षी त्यानं सुधारलेल्या लाकडी हातमागाचं पेटंट मिळवलं. मग वाफेवर चालणारा माग केला, आणि त्यात एक वेगळी गोष्ट घातली. आडवा धागा तुटला किंवा संपला, की माग आपोआप थांबायचा. पुढे आणखी पंचवीस-तीस वर्षं त्यानं मागाचाच ध्यास घेतला. १९२४ मध्ये त्याचा 'जी' नमुन्याचा स्वयंचलित माग पूर्ण झाला. कांडी संपत आली की हा माग न थांबता स्वतःच धोटा बदलायचा. मात्र धागा तुटला की तत्क्षणी थांबायचा. जिथे थांबायची गरज नाही तिथे थांबू नये, आणि जिथे गरज आहे तिथे एक क्षणही पुढे जाऊ नये, असा त्या यंत्राचा स्वभाव होता.

याचा परिणाम नीट पाहण्यासारखा आहे. माग स्वतः थांबतो म्हटल्यावर त्याच्यावर डोळे लावून बसायची गरज उरत नाही. एकेक कामगार तीस-तीस माग सांभाळू लागला. अब्बांची नजर चार मागांतच थकून जायची, हे मला आठवतं. १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या कंपनीनं या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. प्लॅट म्हणजे वस्त्रयंत्रांतलं जगातलं मोठं नाव. मुंबईच्या गिरण्यांतही त्यांची यंत्रं होती. अशी कंपनी एका जपानी सुताराच्या मुलाकडून माग विकत घेत होती. साकिची १९३० मध्ये वारला. त्याचा मुलगा किइचिरो यानं मागांच्या कारखान्यातच मोटारीचे प्रयोग सुरू केले आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली.

या कथेत आपलाही एक धागा आहे. जपानच्या गिरण्यांना कापूस लागे आणि त्यातला मोठा भाग हिंदुस्थानातून जाई. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीनं मुंबई ते कोबे अशी नियमित जहाजसेवा सुरू केली, तीत जमशेटजी टाटांचा वाटा होता. आपला कापूस तिकडे जायचा आणि त्याचं कापड होऊन इकडे यायचं. ते इतकं स्वस्त पडू लागलं, की १९३३ मध्ये सरकारला ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवावी लागली. तेव्हा आपल्याकडे बोललं जायचं ते जपानी मजुरांच्या कमी पगाराबद्दल. पगार कमी होतेच, ते खोटं नव्हतं. पण त्यांच्या मागात काय बदललं आहे, याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

आता युद्धानंतरच्या जपानकडे येऊ. शहरं जळलेली, पैसा नाही, आणि 'मेड इन जपान' म्हणजे दोन दिवसांत मोडणारं खेळणं अशी जगभर ख्याती. १९५० हे टोयोटाच्या इतिहासातलं सगळ्यांत वाईट साल. गाड्या खपत नव्हत्या, पगार थकले होते, बँका दारात होत्या. दीर्घ संप झाला. दीड हजारांहून अधिक कामगारांना घरी जावं लागलं आणि त्याची जबाबदारी घेऊन किइचिरोनं राजीनामा दिला. त्याच जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. अमेरिकी सैन्याला ट्रक हवे होते आणि त्या मागणीवर कंपनी तगली. म्हणजे जपानी चमत्कार म्हणतात, त्यात शेजारच्या देशातल्या लोकांचं रक्तही मिसळलेलं आहे. जपानचं कौतुक करताना हे गाळता येणार नाही.

त्याच वर्षी किइचिरोचा चुलतभाऊ एइजी अमेरिकेत फोर्डचा रूज नदीकाठचा कारखाना पाहायला गेला. एमआयटीच्या संशोधकांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात एक तुलना दिली आहे. टोयोटानं तोवरच्या तेरा वर्षांत मिळून २,६८५ मोटारी बनवल्या होत्या. रूजमध्ये एका दिवसात सात हजार बनत. एवढ्या मोठ्या पहिलवानासमोर उभं राहायचं कसं? फोर्डसारखं करायचं तर फोर्डएवढे पैसे हवेत, फोर्डएवढी बाजारपेठ हवी. दोन्ही नव्हतं.

इथे ताइची ओहनो नावाचा माणूस येतो. ओहनो १९३२ मध्ये टोयोडांच्या सूत-कापड गिरणीत लागला आणि १९४३ मध्ये मोटारीच्या कारखान्यात आला. येताना तो गिरणीतला माग डोक्यात घेऊन आला. धागा तुटल्यावर माग थांबतो, मग पत्रा कापणारं यंत्र का थांबू नये? आणि मोटारी जोडणारी अख्खी साखळी का थांबू नये?

टोयोटामध्ये या विचाराला 'जिदोका' म्हणतात. या शब्दानं माझ्यातल्या कवीला पकडलं. जपानीत आपोआप चालणाऱ्या गोष्टीसाठी जो शब्द आहे, त्यात 'हालणे' या अर्थाचं एक चिन्ह आहे. टोयोटावाल्यांनी त्या चिन्हाच्या डाव्या अंगाला 'माणूस' दाखवणारं लहानसं चिन्ह जोडलं. उच्चार तोच राहिला, पण 'हालणे'चं 'काम करणे' झालं. हालतं ते यंत्र. चूक ओळखून थांबतं ते काम. एका काना-मात्रेएवढ्या फरकात एवढं मोठं तत्त्व बसवणारे लोक कारखान्यात होते, हे वाचून मला हेवा वाटला.

मग त्या साखळीवर दोरी आली. वर दिव्यांचा फलक असतो, त्याला 'आंदोन' म्हणतात. आंदोन म्हणजे मुळात कागदी कंदील. कामगाराला चूक दिसली की त्यानं दोरी ओढायची, अलीकडे काही ठिकाणी बटण दाबायचं. दिवा लागतो आणि त्याच्या गटाचा प्रमुख धावत येतो. गाडी ठरावीक रेषेपर्यंत पोहोचायच्या आत प्रश्न सुटला तर ठीक, नाही तर साखळी थांबते. शेकडो माणसांचं काम एका माणसाच्या हातानं थांबतं. त्या काळच्या अमेरिकी कारखान्यांत साखळी थांबवणं हा मोठ्या साहेबाचा अधिकार होता. चुकीची गाडी पुढे ढकलायची आणि शेवटी दुरुस्तीच्या अंगणात उभी करायची, अशी रीत होती. टोयोटात हा अधिकार सगळ्यांत खालच्या माणसाच्या हातात आला. आणि थांबवल्याबद्दल त्याच्यावर डाफरायचं नाही, उलट त्याला मदत करायची, असा नियम ठरला.

साखळी थांबल्यावर पुढचं काम कारण शोधण्याचं. ओहनो म्हणे, पाच वेळा 'का' विचारा. त्यानंच दिलेलं उदाहरण आहे. यंत्र बंद पडलं. का? जास्त भार येऊन फ्यूज उडाला. भार का आला? बेअरिंगला पुरेसं तेल मिळालं नव्हतं. का? तेलाचा पंप नीट ओढत नव्हता. का? त्याचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी बसवलेली नव्हती, धातूचा कीस आत जात होता. पहिल्या 'का'वर थांबलात तर फ्यूज बदलाल आणि महिन्याभरानं पुन्हा फ्यूज उडेल. या पाच प्रश्नांत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. 'कुणी केलं?' हा प्रश्न त्यांत नाही. त्या रात्री आमच्या शेडमध्ये विचारला गेला तो तेवढाच प्रश्न होता.

ओहनोची दुसरी गोष्ट म्हणजे 'कानबान'. शब्दाचा अर्थ साधा, पाटी. अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या पद्धतीवरून त्याला ही कल्पना सुचली. गिऱ्हाईक हवं तेवढंच उचलतं आणि रिकाम्या झालेल्या जागेपुरताच माल पुन्हा भरला जातो. कारखान्यातही पुढच्या टेबलाला लागेल तेव्हा, लागेल तेवढंच मागच्या टेबलानं करायचं, आणि तो निरोप एका कार्डानं द्यायचा. लोकांना वाटतं की हे गोदामाचा खर्च वाचवण्यासाठी आहे. तो वाचतोच. पण गोदाम भरलेलं असलं की चूक लपते. दहा हजार नट आधीच करून ठेवले आणि साचाच वाकडा होता, तर ते महिन्यानंतर कळणार. पन्नासच केले असतील तर तासाभरात कळेल. चुकीला लपायला जागा ठेवायची नाही, हा त्यातला खरा हेतू.

त्याच १९५० च्या जुलैत जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघटनेनं डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाला व्याख्यानांसाठी बोलावलं. मालाचा दर्जा शेवटी तपासून येत नाही, तो करतानाच यावा लागतो, हे त्याचं सांगणं. त्याच्या स्वतःच्या देशात तेव्हा त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. जपान्यांनी दुसऱ्याच वर्षी त्याच्या नावानं पारितोषिक सुरू केलं. १९६२ पासून 'क्वालिटी सर्कल' सुरू झाली. साधे कामगार आठ-दहा जणांच्या गटानं बसून आपापल्या कामातल्या अडचणींची आकडेवारी मांडू लागले. परक्याकडून शिकताना त्यांनी मान खाली घातली नाही आणि ताठही ठेवली नाही.

आता तुमच्यापैकी जे ट्रान्झिस्टरवर हे ऐकत असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतला. टोकियोतल्या एका लहान कंपनीनं त्याचा परवाना घेतला आणि १९५५ मध्ये जपानमधला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आणला. तीच पुढची सोनी. चांगले ट्रान्झिस्टर थोडे आणि खराब फार, अशी सुरुवातीला त्यांची स्थिती होती. लिओ एसाकी नावाचा तरुण शास्त्रज्ञ ही खराबी का येते याचा अभ्यास करत होता. १९५७ मध्ये त्याला दिसलं, की अशुद्धीचं प्रमाण खूप वाढवलेल्या जर्मेनियममध्ये एका टप्प्यावर व्होल्टेज वाढवलं तर वीजप्रवाह वाढण्याऐवजी कमी होतो. असं का, याच्या शोधातून 'टनेल डायोड' निघाला आणि १९७३ मध्ये एसाकींना नोबेल पारितोषिक मिळालं. खराब माल मुकाट्यानं कचऱ्यात टाकला असता, तर हे हाती लागलं नसतं.

१९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला. कमी पेट्रोल खाणाऱ्या, न कुरकुरणाऱ्या गाड्या जगाला हव्याशा झाल्या. त्याच सुमाराला होंडानं असं इंजिन केलं होतं, की अमेरिकेच्या धुराच्या कडक नियमात ते वेगळं उपकरण न जोडता बसत होतं. १९८० मध्ये जपाननं १ कोटी १० लाखांवर वाहनं बनवली आणि अमेरिकेला मागे टाकलं. अमेरिकेच्या दडपणामुळे १९८१ पासून जपानला मोटारींच्या निर्यातीवर वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा स्वतःहून घालून घ्यावी लागली.

तेव्हा अमेरिकेत एक समजूत होती. जपानी माणूसच वेगळा, आज्ञाधारक, कष्टाळू, आपल्या कामगारांना हे जमणार नाही. तिची परीक्षा १९८४ मध्ये झाली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला होता. तो फार बदनाम होता. रोज पाचातला एक कामगार गैरहजर, कामावर दारू, भांडणं. टोयोटानं जनरल मोटर्सशी भागीदारी करून तिथेच नवा कारखाना काढला. कामगार बहुतेक जुनेच घेतले. युनियन तीच ठेवली. शेकडो जणांना जपानला नेऊन काम दाखवलं आणि परत आल्यावर प्रत्येकाच्या हाताशी दोरी दिली. थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली आणि गाड्यांचा दर्जा जपानमधल्या गाड्यांच्या जवळ पोहोचला. माणसं तीच होती. बदलली होती ती त्यांना मिळालेली वागणूक.

गंमत पुढे आहे. जनरल मोटर्सनं आपल्या दुसऱ्या एका कारखान्यातही तशीच दोरी लावली. पण ती ओढली की तिथले अधिकारी ओरडायचे, असं तिथल्या लोकांनी पुढे सांगितलं. कुणी ओढेनासंच झालं. दोरी विकत मिळते. ती ओढल्यावर न ओरडणारा साहेब विकत मिळत नाही, त्याला घडवायला वर्षं लागतात.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, कवीनं जपानची आरती लावली. तसं नाही. सातोशी कामाता नावाचा पत्रकार १९७२ मध्ये हंगामी कामगार म्हणून टोयोटात राबला आणि त्यानं १९७३ मध्ये पुस्तक लिहिलं. त्याच्या नावातच मोटारींच्या कारखान्याला त्यानं निराशेचा कारखाना म्हटलं आहे. साखळीचा वेग वाढत जातो, माणूस यंत्राच्या मागे धावतो, खोलीवर येऊन नुसता कोसळतो, हे त्यानं अनुभवून लिहिलं. अतिकामानं येणाऱ्या मृत्यूला जपानी भाषेत वेगळा शब्दच आहे, 'करोशी'. तो शब्द ज्या समाजाला घडवावा लागला, तिथे सगळं आलबेल नव्हतं. माल बिघडला की साखळी थांबायची. माणूस बिघडतोय, हे दाखवणारा दिवा मात्र त्या फलकावर नव्हता.

आणि जिथे दोरी जन्मली, तिथेही ती पुढे जड झाली. २००९-१० मध्ये अपघातांच्या तक्रारींनंतर टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २४ फेब्रुवारी २०१० रोजी साकिचीचा पणतू अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीसमोर बसला. आमच्या वाढीचा वेग माणसं घडवण्याच्या वेगाहून जास्त झाला, अशा अर्थाचं त्यानं कबूल केलं. २०१७ मध्ये कोबे स्टीलनं आपल्या मालाचे आकडे फिरवल्याचं मान्य केलं. डिसेंबर २०२३ मध्ये तर टोयोटाच्याच मालकीच्या दाइहात्सू कंपनीला सगळ्या गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. सुरक्षेच्या चाचण्यांत फेरफार झाले होते. चौकशी समितीला गैरप्रकारांची १७४ प्रकरणं सापडली आणि त्यांतलं सगळ्यांत जुनं १९८९ मधलं होतं. समितीनं कारण दिलं ते असं, की नवी गाडी आणण्याच्या तारखा इतक्या आवळलेल्या होत्या, की चाचणीत नापास होणं परवडतच नव्हतं. जून २०२४ मध्ये खुद्द टोयोटानंही काही मॉडेलांच्या चाचण्यांबाबत चूक कबूल केली.

ही बातमी वाचली तेव्हा मला त्या कर्मचाऱ्यांचा राग आला नाही. मला नववीतला मुलगा आठवला. त्याला रेघ दिसत होती. दांडा हाताशी होता. तरी त्याचा हात पुढे झाला नाही, कारण थांबण्याची किंमत कुणाच्या खिशातून जाणार हे त्याला माहीत होतं. चौतीस वर्षं कुणी दोरी ओढली नाही, म्हणून शेवटी एकदम सगळे कारखाने थांबले.

आणखी एक नोंद हवी. १९८८ च्या सुमाराला जगातल्या संगणक-चिप्सपैकी निम्म्या जपानी कंपन्यांच्या होत्या. पुढच्या तीस वर्षांत तो वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आला. १९८५ नंतर येन महागला, १९८६ मध्ये अमेरिकेनं करारानं हात बांधले, ही कारणं आहेतच. पण जपान्यांच्या चिप्स मोठ्या संगणकांसाठी वर्षानुवर्षं टिकाव्यात अशा घडवलेल्या होत्या आणि घरगुती संगणकाला स्वस्त चिप हवी होती. कोरियानं ती दिली. चिपमधला बारीकसा दोष त्यांना दिसत होता, पण आपण चाललोय त्या वाटेतला दोष दिसायला उशीर झाला. पाच वेळा 'का' विचारण्याची सवय कारखान्यात मुरली, ती वरच्या मजल्यावर तितकी पोहोचली नाही.

मग यातून आपण काय घ्यायचं? आपल्याकडे काही घेतलं गेलं नाही असं मुळीच नाही. महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागानं २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळवलं. किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्यानं टोयोटाशी भागीदारी केली, ती मोटारीबरोबर वस्त्रयंत्रांतही. आणि आमच्या इचलकरंजीत आता धोट्याविना चालणारे, हवेच्या झोतानं धागा फेकणारे माग आले आहेत. त्यांतल्या काहींवर टोयोटाचं नाव आहे.

अब्बा गेल्यानंतर एकदा ओळखीच्या माणसाच्या शेडमध्ये असा माग पाहायला गेलो. काय वेग! बघता बघता एक धागा तुटला. माग जागच्या जागी थांबला आणि वरचा दिवा लागला. बिहारकडचा एक विशीतला मुलगा आला. त्यानं तुटलेलं टोक शोधलं, गाठ मारली, माग सुरू केला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. मी तिथेच उभा होतो. अब्बांनी हा माग पाहायला हवा होता, असं वाटून डोळे भरून आले.

मग मी त्या पोराला विचारलं, माग थांबतो तेव्हा तुझ्या पगाराचं काय होतं? तो हसला. म्हणाला, "मशीन रुकी तो मीटर रुका, चाचा. पैसा मीटर का है." सूत खराब आलं तरी? हो, तरीही. सूत घेणारा कुणी वेगळा, गाठी मारून वेळ घालवणारा हा. सूत वारंवार का तुटतं, हे त्याला कुणी विचारतं का? तो पुन्हा हसला.

म्हणजे साकिचीनं शंभर वर्षांपूर्वी यंत्राला शिकवलेलं आमच्या शेडमध्ये पोहोचलंय. हिशेबाच्या वहीत ते अजून पोहोचायचंय. तिथे थांबणाऱ्याच्याच खिशातून आजही पैसे जातात. त्यासाठी जपानहून काही मागवावं लागणार नाही. सूत तुटल्यामुळे गेलेल्या वेळेची नोंद करायला एक रकाना आणि ती वाचून 'का' विचारणारा एक माणूस, एवढ्यानं सुरुवात होईल.

त्या मुलाला मी त्या सुताराच्या पोराची गोष्ट सांगणार होतो. त्याच्या आईच्या हातमागापासून सुरुवातही केली होती. तेवढ्यात पलीकडच्या मागावरचा दिवा लागला आणि तो तिकडे धावला.